पोटखराब जमिनीवरची चित्रं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कोकणातल्या कातळशिल्पांवर बोलणार आहे असं मी सांगितलं, तेव्हा बारामतीच्या एका मित्रानं लगेच विचारलं, "कविवर्य, आपल्याकडं काय दगडांचा तुटवडा आहे?" तुटवडा अजिबात नाही. इंदापूर-बारामतीच्या जिरायती पट्ट्यात ज्यानं एकदा तरी औत धरलं आहे, त्याला दगड म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पण आपला दगड काळा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वर आलेल्या लाव्ह्याचा, बेसाल्टचा. त्याच्यावर छिन्नी चालवायची तर पाथरवटाचा हात हवा आणि लोखंड हवं. कोकणातला दगड निराळा. तो जांभा. मूळचा बेसाल्टच, पण लाखो वर्षांच्या धुवाधार पावसानं त्यातली सिलिका धुऊन नेली आणि लोह, ॲल्युमिनियम मागं राहिलं. म्हणून तो तांबडा, सच्छिद्र. जमिनीतून नवा काढला की मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. कोकणातली घरं याच दगडाच्या चिऱ्यांची. आणि माणसानं लोखंड पाहिलं नव्हतं त्या काळात त्याला मोठ्ठं चित्र कोरायचं असेल, तर जांभ्यासारखा कागद नाही.

रत्नागिरी, लांजा, राजापूर या बाजूला गेलात की डोंगर चढून वर सपाट माळ लागतो. त्याला तिकडं सडा म्हणतात. मैलोन् मैल उघडा कातळ. उन्हाळ्यात तो इतका तापतो की चपलेतून पाय भाजतो, आणि पावसाळा सरता सरता त्याच कातळावर सीतेची आसवं नावाची निळी-जांभळी इवलीशी फुलं पसरतात. सातबाऱ्यावर अशा जमिनीपुढं बहुतेक ठिकाणी 'पोटखराब' अशी नोंद असते. म्हणजे पीक येत नाही, आकार नाही, कुणाला फारसं सोयरसुतक नाही. नेमक्या या जमिनीवर हत्ती, गेंडे, वाघ, हरणं, मासे, कासवं, माणसं आणि काय आहे ते कळत नाही अशा कितीतरी आकृत्या कोरलेल्या आहेत. भिंतीवर नाहीत, गुहेत नाहीत. पायाखाली, आभाळाकडं तोंड करून. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर एक हत्ती आहे. लांबी सुमारे १८ मीटर, रुंदी १३. आपल्या हिशेबात जवळजवळ साठ फूट. एवढ्या हत्तीच्या पोटात पुन्हा लहान लहान प्राणी, जलचर कोरलेले आहेत. हत्तीजवळ उभं राहिलं तर हत्ती दिसत नाही, नुसत्या रेघा दिसतात. तो कोरणाऱ्यानं तरी कुठून पाहिला असेल, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

या चित्रांचा 'शोध' लागला असं आपण म्हणतो, तेव्हा थोडं थांबायला हवं. गुराख्यांना ती ठाऊक होतीच. कुणी त्यांना पांडवांची चित्रं म्हणायचं, कुणी रांगोळी, कुठं एखाद्या आकृतीला देव मानून नारळ ठेवला जायचा. राजापूर तालुक्यातच देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ एक मोठा चौकोन कोरलेला आहे, आत गुंतागुंतीची नक्षी. ती जागा देवीच्या उत्सवाशी आजही जोडलेली आहे. म्हणजे गावाला सगळं माहीत होतं; माहीत नव्हतं ते कागदाला. रत्नागिरीजवळ निवळीची शिल्पं अभ्यासकांना आधीपासून परिचित होती. गोव्यात सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ इथली शिल्पं १९९३ मध्ये उजेडात आली. सिंधुदुर्गात सतीश लळीत यांनी काम केलं. रत्नागिरीत साधारण २०१२ पासून सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे हे दोघं, आणि पुढं भूगोलाचे प्राध्यापक सुरेंद्र ठाकूरदेसाई, गावोगाव हिंडू लागले. यातले पहिले दोघं काही पुरातत्त्वाचे पदवीधर नव्हेत. रिसबूड पेशानं इंजिनिअर. त्यांची पद्धत अगदी साधी होती: गावात जायचं, पारावर बसायचं, शाळेत जायचं, म्हाताऱ्या माणसांना आणि गुराख्यांना विचारायचं, "तुमच्या सड्यावर काही खोदलेलं आहे का?" एका गावातून दुसऱ्या गावाचा पत्ता लागायचा. पुढं राज्याचं पुरातत्त्व खातं या कामात आलं, तेजस गर्गे यांच्यासारखे अधिकारी त्यात उतरले, २०१८ मध्ये अभ्यासासाठी सरकारनं २४ कोटी रुपये ठेवल्याची बातमी जगभर गेली. आणि २०२२ मध्ये कोकणातल्या नऊ ठिकाणांची नावं युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत आली: रत्नागिरी जिल्ह्यातली कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरूण आणि उक्षी, सिंधुदुर्गातली कुडोपी आणि गोव्यातलं उसगाळीमळ. त्या वेळी एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात सत्तर ठिकाणी दीड हजारांहून अधिक आकृत्या मोजल्या गेल्या होत्या.

ही मोजणी होते कशी, हे मला पाहायचं होतं. आकडा ऐकून आपलं समाधान होतं. पण दीड हजार म्हणजे कुणीतरी दीड हजार वेळा खाली वाकलेलं असतं.

२०२४ च्या फेब्रुवारीत मी आणि माझे एक शेजारी, निवृत्त चित्रकला शिक्षक, आम्ही दोघं निघालो. फलटण, सातारा, कऱ्हाड, तिथून मलकापूर आणि आंबा घाट उतरून खाली. आमच्यासोबत तिथला एक जाणता तरुण होता आणि एक म्हातारबाबा, ज्यांची गुरं त्याच सड्यावर चरत मोठी झाली. बाबांनी आम्हाला न्याहाळलं आणि म्हणाले, "तुम्ही घाटावरचे ना? मग उन्हाआधी चला." हा सल्ला शास्त्रीय निघाला. सूर्य डोक्यावर आला की कातळावरच्या रेघा पुसल्यासारख्या होतात. सकाळी सात-साडेसातला किंवा संध्याकाळी पाचनंतर ऊन तिरपं पडतं, रेघेच्या एका काठाची सावली रेघेत पडते आणि आकृती जमिनीतून वर येते. नोंदीचं काम करणारे लोक म्हणून दिवसाच्या दोन टोकांना काम करतात आणि मधला वेळ मोजमापं लिहिण्यात घालवतात. काही जण रात्री जातात, बॅटरी जमिनीलगत आडवी धरतात. तीच युक्ती.

पहिलं काम झाडूचं. पावसात वाहून आलेली माती, वाळलेलं गवत, काटक्या रेघांमध्ये बसलेल्या असतात. केरसुणी आणि मऊ ब्रश, बस्स. लोखंडी काही वापरायचं नाही, खुरपं तर नाहीच, कारण खुरप्यानं पडलेली नवी रेघ आणि जुनी रेघ पुढच्या माणसाला वेगळी ओळखता येणार नाही. पूर्वी फोटोत आकृती उठून दिसावी म्हणून रेघांत चुना किंवा खडूची पूड भरत असत. वर्तमानपत्रांत छापून आलेले कितीतरी फोटो तसलेच पांढऱ्या रेघांचे आहेत. आता जाणकार ते टाळायला सांगतात. पुडीनं दगडाला त्रास होतो, हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त पटलं. पूड भरणारा माणूस रेघ कुठं सुरू होते आणि कुठं संपते हे स्वतःच ठरवून टाकतो. झिजलेल्या जागी त्याला शेपूट वाटली तर तो शेपूट भरतो. मग फोटोत शेपूट येते, फोटोवरून लेखात येते, आणि लेखावरून तो प्राणी वाघ ठरतो.

झाडून झालं की उत्तर दिशा ठरवायची. मोजपट्टी ठेवायची. सुतळीनं एक-एक मीटरचे चौकोन आखायचे, आपल्याकडं शेततळ्याची आखणी करतात तसे, आणि प्रत्येक चौकोनातली रेघ आलेखाच्या कागदावर उतरवायची. रेघेची रुंदी, खोली. कुठं ती बोटभर असते, कुठं दोन बोटं. कातळाला भेग आहे का, शेवाळ आहे का, भेग चित्रातून जाते की चित्र भेगेपाशी थांबतं. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण चित्र भेगेपाशी थांबत असेल तर भेग आधीची. मग जीपीएसवर जागा, गाव, गट नंबर, मालकाचं नाव, जवळचं पाणी किती अंतरावर, सड्यावर येण्याची वाट कुठली. अलीकडं ड्रोन वरून फिरवतात. कशेळीच्या हत्तीला बहुधा पहिल्यांदाच कुणीतरी आभाळातून सगळाच्या सगळा पाहिला. आणि आणखी एक तंत्र आहे: एकाच आकृतीचे एकमेकांवर चढणारे शेकडो फोटो सगळ्या बाजूंनी काढायचे, संगणक त्यातून चढ-उतारांसकट दगडाची प्रतिकृती पडद्यावर उभी करतो. मग सूर्याची वाट पाहायला नको. पडद्यावरच हवा तिथून उजेड टाका आणि रेघ वाचा.

आमच्या मास्तरांना यात फार मजा आली. एका आकृतीपाशी ते म्हणाले, "हा बैल. वशिंड बघा." बाबा म्हणाले, "बैल कसला, आमच्यात याला रानडुक्कर म्हणतात." मी मनात काहीतरी तिसरंच म्हणत होतो, कवीची खोड. तो तरुण हसला आणि वहीत लिहिलं: 'आकृती क्रमांक चार. चतुष्पाद. डोकं पश्चिमेला. लांबी दोन मीटर दहा सेंटिमीटर. पाठीवर उंचवटा. ओळख अनिश्चित.' आणि खाली वेगळ्या रकान्यात: 'स्थानिक नाव – रानडुक्कर.'

मी बी.ए.ला मराठी घेतलं होतं. उपमा, रूपक, उत्प्रेक्षा यांवर गुण मिळवले आहेत, आणि पुढं आयुष्यभर त्यांच्यावरच पोट नसलं तरी मन भरलं आहे. अमुक गोष्ट तमुकासारखी, हे म्हटल्याशिवाय आमचं पान हलत नाही. इथं मात्र आधी जे आहे ते लिहायचं होतं. कशासारखं आहे ते नंतर, वेगळ्या रकान्यात आणि सांगणाऱ्याच्या नावावर. मला ही शिस्त आवडली. ती कोरडी वाटते, पण तिच्यात एक सभ्यपणा आहे. ज्यानं ही रेघ कोरली त्याच्या तोंडात आपण शब्द घालत नाही.

आता तुम्ही विचाराल, चित्रं किती जुनी? इथं बातम्यांमध्ये आकडे उड्या मारतात, म्हणून सावकाश सांगतो. गुहेतल्या रंगीत चित्रांत कधी कोळसा सापडतो, त्याचं वय काढता येतं. उघड्या कातळावर नुसतंच कोरलेलं असेल तर त्या रेघेचं वय थेट सांगणारं यंत्र नाही. मग अभ्यासक आडवाटेनं जातात. चित्रांत शेती नाही, नांगर नाही, गाडी नाही, धान्य नाही. म्हणून ही माणसं शेतीपूर्वीची, शिकार करून आणि कंदमुळं-मासे गोळा करून जगणारी असावीत, असा एक तर्क. दुसरा, गेंड्याचा. आज कोकणात गेंडा नाही, पण चित्रात आहे. गेंडा न बघता कुणी काढणार नाही. गुजरातेत लांघणजला मध्याश्मयुगीन वस्तीत गेंड्याचं हाड मिळालेलं आहे, म्हणजे पश्चिम भारतात एके काळी तो होता. तिसरा मार्ग आजूबाजूच्या उत्खननाचा. सिंधुदुर्गात कोळोशीच्या गुहेत दगडी हत्यारं सापडली, म्हणजे या मुलखात अश्मयुगीन माणूस वावरला हे नक्की. चौथा मार्ग मातीचा: एखाद्या चित्रावर मातीचा जुना थर साचलेला असेल, तर त्या मातीच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं होतं हे प्रयोगशाळेत मोजता येतं. चित्र त्या थराच्या आधीचं. बारा हजार वर्षांचा आकडा तुम्ही वाचला असेल. तो या सगळ्या तर्कांमधून आलेला अंदाज आहे. सगळी चित्रं एकाच काळातली असतील असंही नाही. अंदाजाला अंदाज म्हटलं म्हणून चित्र काही लहान होत नाही.

आणि आपल्या तालुक्याला यात अगदीच मान नाही असं समजू नका. मोरगावला मयूरेश्वराच्या दर्शनाला आपण सगळे जातो. चार कोपऱ्यांवर मिनारांसारखे मनोरे असलेलं ते देऊळ मला लहानपणापासून आपलं वाटत आलं आहे. त्याच मोरगावजवळ कऱ्हेच्या काठच्या थरांत अश्मयुगीन माणसाची दगडी हातकुऱ्हाडीची हत्यारं मिळाली आहेत आणि त्यांच्याबरोबर ज्वालामुखीची राख. ती राख आपल्या दख्खनची नव्हे, पार सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची. तिथून उडून कऱ्हेत पडलेली. नेमक्या कुठल्या उद्रेकाची यावर विद्वानांत मतभेद आहेत, आणि त्यावर हत्यारांचं वय ठरतं, म्हणून वाद तावातावानं चालतो. तिकडं शिरूर तालुक्यात घोड नदीवर इनामगावचं मोठं उत्खनन १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजनं केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावं त्याच्याशी जोडलेली आहेत. तेव्हा आपली माणसंही जुनी. फक्त आपल्या काळ्या दगडानं त्यांना चित्र काढू दिलं नाही, असं मी म्हणतो. (हा मात्र माझा रकाना. शास्त्रज्ञांना विचारू नका.)

दगडावरच्या खुणांची नोंद हा उद्योग जगात आणखी कुठं कुठं चालतो हे पाहताना मला एक गमतीची साखळी सापडली. स्कॉटलंडमध्ये खडकांवर वाटीसारखे खळगे आणि त्यांच्याभोवती वर्तुळं कोरलेली आढळतात, चार-पाच हजार वर्षांपूर्वीची. त्यांच्यावर १८६७ मध्ये पुस्तक लिहिलं ते एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्पसन या डॉक्टरनं. हाच तो डॉक्टर, ज्यानं बाळंतिणीच्या वेदना कमी करायला क्लोरोफॉर्म वापरला. ते पुस्तक वाचून १८७० च्या दशकात रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं लिहिलं, की अशाच वाट्या मी इकडं नागपूरजवळ पाहिल्या आहेत. नागपूरजवळ जुनापाणीला लोहयुगीन शिळावर्तुळं आहेत, त्यांच्या काही दगडांवर खरंच ओळीनं खळगे आहेत. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध होता असं नाही. माणसाला दगडात खळगा करावासा वाटतो, एवढंच म्हणता येईल. त्याच स्कॉटलंडमध्ये २०१७ ते २०२१ या पाच वर्षांत सरकारी संस्थेनं गावोगावच्या साध्या माणसांना हाताशी धरून खडकचित्रांची नोंद केली. निवृत्त मास्तर, शेतकरी, फिरायला जाणारे लोक, सगळ्यांना एकच नमुना-अर्ज, एकच पद्धत शिकवली. आणि २०२१ मध्ये तिथल्या किलमार्टिन खोऱ्यातल्या एका जुन्या दफनाच्या जागी, वर्षानुवर्षं लोक पाहून जात होते अशा दगडाच्या खालच्या अंगाला हरणं कोरलेली असल्याचं जाहीर झालं. एक माणूस सहज आत वाकला होता, हातात बॅटरी होती. स्कॉटलंडमध्ये इतक्या जुन्या काळातलं प्राण्यांचं असं स्पष्ट चित्र तोवर मिळालंच नव्हतं.

आपल्याकडं घाई जास्त आहे, कारण सडा रिकामा दिसतो. जांभ्याच्या चिरेखाणी चालतात. यंत्राचं पातं फिरलं की सड्याचा एक तुकडा दिवसभरात चौकोनी चिरे होऊन ट्रकमध्ये चढतो. त्यात चित्र होतं की नव्हतं हे नंतर कुणी सांगू शकत नाही. रस्ते रुंद होतात, आंब्याच्या कलमांसाठी खड्डे मारतात, घरं होतात. बारसूचं तर तुम्हाला आठवत असेल. तिथं दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस कोरलेला आहे. त्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्प आणायचं चाललं, २०२३ च्या एप्रिलमध्ये माती परीक्षण सुरू झालं आणि गावातल्या बाया-माणसं उन्हात सड्यावर झोपली. प्रकल्प हवा की नको यावर इथं बोलत नाही. पण वाद सुरू झाला तेव्हा 'इथं चित्रं आहेत' असं नुसतं म्हणून भागलं नाही; कुठल्या गटात, किती, कशी, हे कागदावर होतं म्हणून त्यांचं नाव तरी घ्यावं लागलं.

जमीनमालकाची बाजूही ऐकायला हवी. चित्रं बहुतेक खासगी जमिनीत आहेत. बाबा मला म्हणाले, "नोंद करतात ती बरी, पण उद्या सरकार म्हणेल जमीन आमची." ही भीती खोटी कशी म्हणायची? वहीत गट नंबर लिहिला की मालकाच्या पोटात गोळा येतो, मग तो चित्रावर हळूच दोन पाट्या माती टाकतो आणि गप्प बसतो. म्हणून जिथं काम चांगलं झालं, तिथं आधी गावाशी बोलणं झालं आहे. उक्षीच्या ग्रामस्थांनी आपल्या हत्तीची राखण स्वतः केली, त्याच्याभोवती बांधकाम करून माणसं चित्रावर न चढता पाहतील अशी सोय केली. असं गाव असेल तर पुरातत्त्व खात्याचा पहारेकरी नसला तरी चालतो.

परत आल्यावर आमचे मास्तर स्वस्थ बसेनात. त्यांनी मोजपट्टी विकत घेतली. "इथं काय मोजायचं?" असं मी विचारायच्या आधीच त्यांनी उत्तर दिलं, "उजनी खाली चालली आहे."

श्रोत्यांपैकी जे इंदापूर-करमाळ्याकडचे नसतील त्यांच्यासाठी सांगतो. भीमेवरच्या उजनी धरणाचं काम १९८० मध्ये पुरं झालं. त्याचा एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा. पाणी त्याच्याही खाली गेलं की आम्ही 'उणे' म्हणतो. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली. असं झालं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ पाण्याबाहेर येतं, शिखर, सभामंडप, वीरगळ, सतीशिळा सगळं. फोटो काढायला गर्दी लोटते. पळसदेवचं नाव तरी सगळ्यांना माहीत आहे. पण काठाकाठानं उठलेली इतर गावंही गाळातून डोकं वर काढतात, आणि तिकडं कुणी फिरकत नाही. माझं आजोळ त्यातलं एक.

वीरगळ अश्मयुगातले नव्हेत, मध्ययुगातले. बहुतेक हजार वर्षांच्या अलीकडचे. दगडाला खालून वर वाचायचं: तळाच्या चौकटीत वीर पडलेला, पुष्कळदा बाजूला गुरं, म्हणजे तो गावाचं गोधन राखताना पडला, त्यावर लढाई, त्यावर अप्सरा त्याला वर नेताना, सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करताना, शेजारी चंद्र-सूर्य. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात. कातळशिल्पाचा अर्थ कुणाला नक्की सांगता येत नाही, वीरगळाचा येतो, आणि तरी नोंदीच्या बाबतीत दोघांचं नशीब सारखंच. माझी नानी सांगायची, वेशीजवळ असे दगड होते, गावातल्या बाया त्यांना हळदीकुंकू वाहायच्या आणि नानी विहिरीवरून येताना घागरीतलं ओंजळभर पाणी त्यांच्यावर ओतायची. का, असं विचारलं तर म्हणायची, "तहानेला असंल बिचारा."

मे महिन्यात आम्ही गेलो, मास्तर, मी, माझा भाचा आणि ऐंशी वर्षांची माझी अम्मी. गाळ वाळून त्याला हातहात रुंद भेगा पडल्या होत्या. अम्मी गाडीतून उतरली नाही, खिडकीतून हात करून सांगत राहिली, ही मशिदीची जागा, तो मारुती, त्याच्या अंगाला वेस. तिच्या सांगण्यावरून चालत गेलो तर आडवा पडलेला एक दगड मिळाला आणि वीस पावलांवर दुसरा, अर्धा गाळात. केरसुणी, ब्रश, तिरप्या उन्हाची वाट. संध्याकाळी सहाला पहिल्या दगडावरचा वीर दिसू लागला, मागं दोन गाई. मास्तरांनी आलेखाच्या कागदावर तो उतरवला. उंची तीन फूट एक इंच, तीन चौकटी, वरचा कोपरा तुटलेला. मी वहीत लिहिलं. दुसऱ्या दगडावर बरीच झीज होती. तिथं लिहिलं, 'ओळख अनिश्चित'.

स्थानिक माहितीच्या रकान्यात अम्मीचं म्हणणं लिहिलं, की वेशीला तीन दगड होते. आठवड्यानं त्याच गावचे, आता नव्या गावठाणात राहणारे एक पाटीलबुवा भेटले. ते म्हणाले, "तीन कसले, चार होते, चौथा माझ्या चुलत्यानं धरण व्हायच्या आधी विहिरीच्या काठाला बसवला." दोन्ही म्हणणी नावानिशी लिहून ठेवली आहेत. जून सरता सरता पाऊस झाला, पुढच्या काही आठवड्यांत पाणी वर आलं आणि दगड पुन्हा खाली गेले.

आता आम्हाला त्या वेशीचा फोटो हवा आहे. आमच्याच गावाचा असं नाही. भीमाकाठच्या उठलेल्या कुठल्याही गावातला, १९८० च्या आधीचा, लग्नाच्या वरातीचा असो, उरुसाचा असो, शाळेच्या सहलीचा असो, ज्याच्या मागं वेस, पार, देऊळ किंवा एखादा उभा दगड दिसतो आहे. तुमच्या घरात पत्र्याच्या पेटीत असा फोटो असेल, तर तो आधी सरळ उजेडात, न वाकवता, मोबाईलवर काढून ठेवा. मग घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि फोटोत मागं काय काय आहे ते त्यांना बोट ठेवून विचारा. दोन माणसं दोन गोष्टी सांगतील. दोन्ही लिहा.